हृदयशस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा: रुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हा परिचारिकांना आयसीयूच्या दाराशी, वॉर्डात पलंगाशेजारी आणि डिस्चार्जनंतर फोनवर सतत विचारले जातात. काही मोकळेपणाने, काही दबक्या आवाजात. इथली उत्तरं मुख्यतः छातीचं हाड उघडून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी आहेत, म्हणजे बायपास आणि झडप बदलणं किंवा दुरुस्त करणं. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवली असेल तर हाड जपण्याचे नियम तुम्हाला लागू नाहीत. औषधं, चालणं आणि मन यांबद्दलचं बरंचसं लागू आहे. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचं हृदय त्यांनी पाहिलं आहे.

आयसीयूत पहिल्यांदा भेटायला जाताना काय बघायची तयारी ठेवावी?

बऱ्याच नळ्या आणि वायरी दिसतील. घशातली नळी व्हेंटिलेटरला जोडलेली असते. ती बहुतेकांची काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघते. मानेतल्या नळीतून औषधं जातात, मनगटातल्या बारीक नळीमुळे रक्तदाब क्षणोक्षणी दिसतो. छातीच्या खालच्या बाजूने निघालेल्या जाड नळ्या आत साठणारं रक्त आणि पाणी बाहेर काढतात. काहींच्या छातीवर दोन-तीन बारीक तारा असतात. ठोके मंदावले तर त्यांतून तात्पुरता पेसमेकर जोडता येतो.

चेहरा आणि हात सुजलेले असतील, अंग गार लागेल, रंग फिका दिसेल. शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन (तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) वापरलं असेल तर शरीरात पाणी साठतं आणि बऱ्याचदा अंग मुद्दाम थंड केलेलं असतं. ही सूज पुढच्या काही दिवसांत लघवीवाटे उतरते. मॉनिटरचा आवाज झाला की सगळ्यांचं काळीज हलतं, पण हात हलला किंवा वायर सैल झाली तरी तो वाजतो. त्याच्याकडे बघण्याची जबाबदारी आमची आहे, तुम्ही आपल्या माणसाकडे बघा.

त्यांना आमचं बोलणं कळतं का? हात लावला तर चालेल?

कळतं, असं धरूनच बोला. घशात नळी असताना आवाज निघत नाही, म्हणून हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि हात दाबून किंवा डोळे मिटून उत्तर द्यायला सांगा. "ऑपरेशन झालं, नीट झालं, आम्ही बाहेरच आहोत" ही तीन वाक्यं पुन्हा पुन्हा सांगा, कारण गुंगीत ती विसरली जातात. कुठला हात धरायचा ते सिस्टरना विचारा आणि बिनधास्त धरा. बरीच घरची माणसं भीतीने दोन हात लांब उभी राहतात, आणि रुग्णाला त्या वेळी त्याच स्पर्शाची गरज असते.

सिस्टर सारख्या कसल्या नोंदी करत असतात?

नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, रक्तातली साखर, पायांची ऊब, शुद्ध. यांत घरच्यांना नवल वाटतं ते दर तासाच्या लघवीच्या मापाचं. मूत्रपिंडाला पुरेसं रक्त पोचत असेल तरच पुरेशी लघवी होते, म्हणून ते माप हृदय किती जोर लावतंय याची बातमी देतं. साधारण 60 किलोच्या माणसाला तासाला किमान 30 मिली लघवी व्हावी अशी अपेक्षा असते. छातीच्या नळीतून येणाऱ्या रक्ताचंही तसंच. ते अचानक वाढलं तर काळजी, आणि येत असलेलं एकाएकी थांबलं तरी काळजी, कारण नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साठू शकतं. एखाद्या आकड्यापेक्षा तो आकडा कुठल्या दिशेने सरकतोय यावर आमची नजर असते. घरी गेल्यावर तुम्हीही तेच करायचं आहे. त्याबद्दल पुढे आलंच आहे.

बाबा काहीतरीच बरळतायत. आम्हाला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात. डोक्यावर परिणाम झाला का?

घरच्यांना सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट हीच. याला डिलिरियम म्हणतात. वय जास्त असलेल्यांत, आधीपासून विसराळूपणा असलेल्यांत आणि आयसीयूत जास्त दिवस राहिलेल्यांत हा बऱ्यापैकी आढळतो. भूल, औषधं, मोडलेली झोप, दिवस-रात्र न कळणारा उजेड या सगळ्याचा तो परिणाम असतो. कधी माणूस खवळतो, भिंतीवर काही दिसतं म्हणतो, आपल्यालाच पळवून आणलंय असं त्याला वाटतं. कधी उलटंच होतं: तो गप्प गप्प, मरगळलेला पडून राहतो. हा दुसरा प्रकार निसटतो, कारण "झोपलेत, बरं आहे" असं सगळ्यांना वाटतं. तुमचं माणूस नेहमीसारखं नाही असं तुम्हाला जाणवलं तर आम्हाला जरूर सांगा. नेहमीसारखं म्हणजे कसं, हे तुमच्याइतकं आम्हाला माहीत नसतं.

बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. तोवर तुम्ही खूप काही करू शकता. त्यांचा चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आणून द्या. दिसेना आणि ऐकू येईना तर माणूस आणखी गोंधळतो. वार, वेळ, जागा शांतपणे सांगत राहा. वाद घालू नका, "असं काही नाहीये" म्हणून दरडावू नका. "मी इथे आहे, तुम्ही सुरक्षित आहात" एवढं पुरतं. आणि त्या अवस्थेत ते जे बोलले ते मनाला लावून घेऊ नका. शुद्धीवर आल्यावर त्यातलं थोडंफार आठवून अनेक रुग्ण शरमतात. तेव्हा ते आजारपणाचं होतं, असं तुमच्या तोंडून ऐकणं त्यांना फार मोलाचं असतं.

दुखणं सोसावं की गोळी मागावी? सवय लागेल का?

मागावी. दुखत असताना माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, हलत नाही. मग छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात. दुखणं दाबणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हे. आम्ही शून्य ते दहाच्या मापात विचारतो तेव्हा खरा आकडा सांगा. आम्हाला बरं वाटावं म्हणून कमी सांगणारे खूप भेटतात. चालायला किंवा व्यायामाला सुरुवात करण्याआधी साधारण अर्धा तास गोळी घेतली तर त्या वेळी ती कामाला येते.

ठरलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतलेल्या वेदनाशामकांची सवय लागण्याची भीती बाळगून तळमळत राहू नका. काळजी वाटत असेल तर डॉक्टरांशी बोला. मात्र घरी आल्यावर इबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या न विचारता घेऊ नका. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने त्या घातक ठरू शकतात.

ते तीन चेंडूंचं यंत्र कशासाठी? किती वेळा करायचं?

फुप्फुसांच्या तळाशी मिटलेल्या पिशव्या पुन्हा उघडाव्यात म्हणून. जागेपणी दर तासाला दहा श्वास, हे सर्वसाधारण प्रमाण. बहुतेक जण त्यात फुंकतात. ते चुकीचं आहे. नळी ओठांत घट्ट धरून हवा हळूहळू आत ओढायची, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरून ठेवायचे. त्यानंतर छातीवर उशी घट्ट कवटाळून खोका. उशीने हाडाला आधार मिळतो आणि खोकताना टाके उसवतील ही भीती जाते. खोकल्याने टाके उसवत नाहीत, पण हे पटायला उशी हातात असावी लागते.

ऑपरेशन हृदयाचं, मग पायाला टाके का?

बायपाससाठी पायातली शीर काढून हृदयावर नवी वाट म्हणून जोडतात. अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ही पद्धत रुजवली. पायाचं काम बाकीच्या शिरा सांभाळतात, पण काही आठवडे त्या पायावर सूज येते. बसताना पाय उंचावर ठेवा, मांडीवर मांडी घालून बसू नका, मोजे दिले असतील तर सांगितल्याप्रमाणे घाला. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी दाखवा.

छातीच्या आतली रक्तवाहिनीही बहुधा वापरलेली असते. त्यामुळे छातीची डावी बाजू बधिर वाटते किंवा तिथे झिणझिण्या येतात. हे महिनोन्महिने राहू शकतं आणि त्यात धोका नसतो.

तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले म्हणाले. ऑपरेशन फसलं का?

नाही. एट्रियल फिब्रिलेशन नावाची ही लय हृदयशस्त्रक्रियेनंतर खूप जणांत दिसते, साधारण तिघा-चौघांत एकाला, आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. औषधाने ती बहुतेक वेळा ताळ्यावर येते. काहींना त्यासाठी काही काळ रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते. घरी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची कशी, हे डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून शिकून घ्या.

घरी उठताना, बसताना काय सांभाळायचं? हाड कधी जुळतं?

छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि त्या तारा कायम आत राहतात. हाड जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण भक्कम व्हायला साधारण 3 महिने. हात मोडला तर प्लॅस्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला प्लॅस्टर घालता येत नाही, कारण प्रत्येक श्वासाला ती हलायलाच हवी. म्हणून ती काळजी तुमच्या हालचालींनी घ्यायची.

पलंगावरून उठताना दोन्ही हातांवर जोर देऊन सरळ उठू नका. गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच ओघात धड वर येऊ द्या. खुर्चीतून उठताना पुढे सरका, हात छातीशी धरा, मांड्यांच्या जोरावर उठा. खोल, मऊ सोफ्यात बसू नका. पहिले 6 ते 8 आठवडे 4-5 किलोपेक्षा जड काही उचलायचं, ओढायचं, ढकलायचं नाही. यात बाळ कडेवर घेणंही आलं, भरलेली बादली आली, अडकलेलं दार जोराने ओढणं आलं. नातवंडाला उचलता येत नाही याचं दुःख खरं असतं. बसल्यावर ते मांडीवर ठेवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

मदत करणाऱ्यांसाठी: दंडाला किंवा बगलेत धरून रुग्णाला कधीही ओढू नका. पाठीमागे, खांद्याच्या पात्याखाली हात ठेवून आधार द्या.

आणि याची दुसरी बाजू. भीतीने हात अजिबात न हलवणाऱ्यांचे खांदे आखडतात, मान-पाठ धरते. कोपर अंगालगत ठेवून रोजची कामं करा. केस विंचरा, स्वतःच्या हाताने जेवा. हालचाल करताना छातीच्या हाडात टक्क असा आवाज येत असेल किंवा हाड सरकल्यासारखं वाटत असेल तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

आंघोळ कधी? जखमेला काही लावायचं का?

डॉक्टरांनी परवानगी दिली की कोमट पाणी आणि सौम्य साबण. जखम चोळू नका, स्वच्छ टॉवेलने टिपून कोरडी करा. पावडर, तेल, मलम, घरगुती लेप काहीही नको. टबात किंवा तलावात उतरणं जखम पूर्ण भरेपर्यंत टाळा. काहींना आंघोळीत चक्कर येते, म्हणून सुरुवातीला आत स्टूल ठेवा आणि कडी लावू नका. जखमेच्या वरच्या टोकाशी छोटा उंचवटा दिसतो, तो काही आठवड्यांत बसतो.

स्त्रियांना एक गोष्ट बऱ्याचदा कुणी सांगत नाही, आणि त्या विचारायला संकोचतात. स्तनांच्या वजनाने छातीच्या जखमेवर ताण येतो, जखम दुखते आणि खालच्या टोकाला उघडू शकते. पुढून लावता येईल अशी, तार नसलेली, मऊ सुती ब्रा दिवसा आणि रात्रीही घाला. ती जखमेवर घासत असेल तर मध्ये स्वच्छ मऊ कापड ठेवा.

किती चालायचं?

सुरुवात सपाट जागी, एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दर एक-दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवा. 4 ते 6 आठवड्यांत बरेच जण सलग अर्धा तास चालू लागतात. चालताना सहज बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. एखाद्या दिवशी खूप बरं वाटतं, माणूस दुप्पट चालतो आणि पुढचे दोन दिवस पडून राहतो. रोज थोडं, हे जास्त उपयोगी. जेवल्यावर लगेच किंवा फार उन्हाथंडीत चालू नका.

भूकच नाही, तोंडाला चव नाही. काय करावं?

पहिले काही आठवडे हे अगदी नेहमीचं आहे, काहींना धातूसारखी चव लागते. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. मीठ कमी, कारण मिठाने पाणी साठतं. मधुमेह नसलेल्यांचीही साखर शस्त्रक्रियेच्या ताणाने काही दिवस वाढू शकते. इन्सुलिन दिलं म्हणजे ते कायमचं लागलं असं नाही.

वेदनाशामक आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. कुंथणं हृदयाला आणि छातीला दोन्हीला जड जातं. दोन दिवस पोट साफ झालं नाही की सांगा, तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. पाणी किती प्यायचं हे मात्र विचारून घ्या, काहींना त्याची मर्यादा घातलेली असते.

एवढ्या गोळ्या कशासाठी? बरं वाटल्यावर बंद करता येतील ना?

स्वतःहून एकही बंद करू नका. ॲस्पिरिन नव्या वाटा उघड्या ठेवते आणि बायपासनंतर ती बहुधा आयुष्यभर चालते. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतं आणि जोडलेल्या शिरा पुन्हा भरू नयेत यासाठी मदत करतं. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल चांगलं आलं म्हणून ते थांबवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की ते चांगलं गोळीमुळेच आलंय. बीटा ब्लॉकर ठोके आवरतं. ते एकाएकी सोडलं तर छातीत दुखणं, ठोके बिघडणं असे प्रकार होऊ शकतात. नाडी 50 च्या खाली जात असेल किंवा चक्कर येत असेल तर फोन करून विचारा.

कृत्रिम धातूची झडप असेल तर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर, आणि तिथे ढिलाई अजिबात चालत नाही. गोळी रोज ठरल्या वेळी, आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) रक्ततपासणी सांगितल्या तारखेला. महाधमनीच्या झडपेसाठी आयएनआर सहसा 2 ते 3 आणि मायट्रल झडपेसाठी 2.5 ते 3.5 ठेवतात, तुमचं लक्ष्य किती ते तुमच्या कागदावर लिहून घ्या. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. नव्या पिढीतली रक्त पातळ करणारी औषधं धातूच्या झडपेला चालत नाहीत, त्यामुळे "तपासणी नको असलेली गोळी" कुणी सुचवली तरी बदलू नका. हिरव्या पालेभाज्या बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. एखादी गोळी राहिली तर पुढच्या दिवशी दोन घेऊ नका. अँटिबायोटिकसह कुठलंही नवं औषध किंवा जडीबुटी सुरू करण्याआधी विचारा. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज शांततेत ऐकू येतो. तो झडप चालू असल्याचा आहे.

झडप बदललेल्या प्रत्येकाने दातांच्या डॉक्टरांना ते आधी सांगायचं. काही उपचारांपूर्वी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर हिरड्यांतले जंतू झडपेवर बसू शकतात.

रोज वजन का करायचं?

शरीरात साठणारं पाणी डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. रोज सकाळी, लघवी करून, खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. एका दिवसात किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढलं तर कळवा. वही करा. तारीख, वजन, नाडी, रक्तदाब, ताप, एका ओळीत. आम्ही आयसीयूत जे करत होतो तेच हे.

फोन कधी करायचा आणि थेट रुग्णवाहिका कधी बोलवायची?

त्याच दिवशी फोन: 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, जखम लाल, गरम, ओली होणं, पू किंवा वास येणं, कड सुटणं, वजन वाढणं, पाय किंवा पोट सुजणं, ठोके अनियमित किंवा धडधड, झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागणं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ताप आणि खोल श्वास घेताना छातीत टोचणारं दुखणं असेल तर तेही सांगा; हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आलेली असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

रुग्णवाहिका, क्षणाचाही विचार न करता: छातीत दाबल्यासारखं दुखणं जे विश्रांतीने जात नाही, बसल्या जागी धाप, बेशुद्धी, तोंड वाकडं होणं, एका हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, न थांबणारा रक्तस्राव, रुग्ण वॉरफरिनवर असताना डोक्याला जोराचा मार बसणं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

जखमेचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं कसं ओळखायचं, असं विचारतात. हलल्यावर, खोकल्यावर, दाबल्यावर वाढतं ते बहुधा जखमेचं किंवा हाडाचं. ऑपरेशनआधी व्हायचं तसंच वाटलं तर ते जखमेचं समजू नका. खात्री नसेल तर फोन करा. रात्री दोन वाजता आलेला अनावश्यक फोन आम्हाला चालतो. सकाळी उशिरा आलेला रुग्ण बघणं जड जातं.

सगळं नीट झालं, तरी यांना रडू येतं. चिडतात. असं का?

मृत्यूच्या इतक्या जवळून जाऊन आलेल्या माणसाचं मन काही आठवडे हललेलं असणारच. शिवाय झोप नाही, अंगात ताकद नाही, हातात काम नाही, आणि घरात सगळे आपल्याकडे काचेच्या वस्तूसारखं बघतायत. कधीही न रडलेले पुरुष रडतात आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटते. त्यांना सांगा की असं खूप जणांना होतं. "एवढं ऑपरेशन पार पडलं, आता कशाला रडता" हे वाक्य मात्र नको; त्याने माणूस बोलायचाच थांबतो.

चांगले-वाईट दिवस आलटून पालटून येत असतील तर हळूहळू चांगले वाढत जातात. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त सलग टिकली, कशातच रस उरला नाही, जेवण-औषध टाळायला लागले, तर ते नैराश्य असू शकतं. ते हृदयरोग्यांत नेहमीचं आहे आणि उपचार न केल्यास हृदयाच्या बरं होण्यावरही परिणाम करतं. डॉक्टरांना जखमेइतक्याच सहजपणे त्याबद्दल सांगा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलले तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्यांना एकटं सोडू नका.

झोप लागत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, वाचलेलं लक्षात राहत नाही.

तिन्ही गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत होतात आणि बहुतेकांच्या ओसरतात. रात्री झोपण्यापूर्वी वेदनाशामक घ्या, डोकं-पाठ उशांनी उंच करा, दुपारची झोप छोटी ठेवा. महत्त्वाचे व्यवहार आणि सह्या महिनाभर पुढे ढकलता येत असतील तर ढकला.

शरीरसंबंध कधीपासून?

दोन मजले न थांबता, न धापता चढता येत असतील तर हृदय त्या श्रमाला बहुधा तयार असतं. बहुतेकांना 6 ते 8 आठवडे लागतात, आणि छातीवर किंवा हातांवर भार येणार नाही अशी स्थिती हवी. जोडीदाराला अनेकदा रुग्णापेक्षा जास्त भीती वाटते, तेव्हा दोघांनी मिळून विचारा. छातीत दुखण्यासाठीची नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिलसारखं (लिंगाच्या ताठरतेसाठीचं) औषध घेऊ नका, रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो.

आम्ही घरच्यांनी किती करायचं? काहीच करू देऊ नये असं वाटतं.

ते वाटणं मायेचं आहे, पण त्याने माणूस लवकर उभा राहत नाही. आमच्या शुश्रूषेतला अवघड भाग हात पुढे करण्याचा नाही, मागे घेण्याचा आहे. काल आम्ही तोंड धुऊन दिलं, आज पाणी जवळ ठेवलं, उद्या बेसिनपर्यंत सोबत गेलो, परवा दाराशी थांबलो. घरीही हेच करा. गोळ्यांची डबी पहिल्या आठवड्यात तुम्ही भरा, दुसऱ्या आठवड्यात त्यांना भरू द्या आणि तुम्ही फक्त बघा. वजनाची वही त्यांच्याच हातात द्या. स्वतःच्या शरीराचा अंदाज त्यांना परत येणं महत्त्वाचं आहे, आणि सतत कुणी दुसरं सांभाळत असेल तर तो येत नाही.

आणि सांभाळणाऱ्या तुम्ही. बहुतेक घरांत हा भार एकाच व्यक्तीवर पडतो, बऱ्याचदा बायकोवर किंवा सुनेवर. रात्री त्यांचा श्वास चालू आहे ना हे उठून बघणाऱ्या कितीतरी जणी आम्हाला भेटतात. स्वतःची रक्तदाबाची गोळी त्या विसरलेल्या असतात. कामं वाटून घ्या: एकाने तपासणीला नेणं, एकाने औषधं आणणं, एकाने रात्रीचं बघणं. दिवसातून एक तास घराबाहेर पडा. रुग्णाला पहिला आठवडा-दोन आठवडे कुणीतरी सोबत हवं, पण ते दर वेळी तुम्हीच असायला हवं असं नाही. तुमचं थकणं, चिडणं, एकट्याने रडणं हेही आम्हाला सांगण्याजोगं आहे.

भेटायला येणाऱ्यांना थांबवावं का?

पहिले काही आठवडे हो. थोडे लोक, थोडा वेळ, सर्दी-खोकला असलेला कुणी नको. खुशाली कळवायला घरातला एक माणूस नेमा. रुग्णाने बसून प्रत्येकाला तीच हकिकत सांगणं हे श्रमाचं काम आहे.

गाडी, प्रवास, नोकरी?

गाडी चालवणं साधारण 6 आठवड्यांनंतर आणि परवानगीनेच. स्टिअरिंगवर छाती आदळली तर न जुळलेलं हाड मोडू शकतं. मागच्या सीटवर बसा, पट्टा लावाच, त्याखाली छोटी उशी ठेवा. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उतरून चाला. बसून करायच्या कामावर 6 ते 8 आठवड्यांत, अंगमेहनतीच्या कामावर 3 महिन्यांनंतर, सुरुवातीला अर्धा दिवस.

ऑपरेशन झालं म्हणजे आजार गेला ना?

बायपासने अडलेल्या जागेला वळसा घातला. रक्तवाहिन्या खराब करणारी प्रक्रिया शरीरात अजून आहे. छातीतली धमनी जोडलेली वाट दहा वर्षांनंतरही बहुतेकांची उघडी असते. पायाच्या शिरांच्या वाटा त्या मानाने लवकर भरतात. त्या किती टिकतील हे तंबाखू, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि चालणं यांवर खूप अवलंबून आहे. तंबाखू कुठल्याही रूपात नको, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा धूरही नको. सोडणं एकट्याने जमत नसेल तर औषधं आणि समुपदेशन दोन्ही मिळतं, मागा.

पुढच्या तपासणीला काय न्यायचं?

डिस्चार्जचा कागद, सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसह, वजनाची वही आणि लिहून काढलेले प्रश्न. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत. त्या यादीत एक प्रश्न आमच्याकडून घाला: "आम्हाला कार्डियाक रिहॅबला पाठवाल का?" देखरेखीखालचा व्यायाम, आहार, औषधं आणि मन यांचा हा कार्यक्रम सहसा काही आठवडे ते 3 महिने चालतो. त्याने पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण घटतं, आणि तरीही फार कमी जण तिथवर पोचतात. केंद्र लांब असेल तर घरून करता येण्याजोगा कार्यक्रम आहे का ते विचारा आणि तपासणीच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी हातात घ्या.